ड्रायव्हरशेजारची उलटी सीट

पोटच्या पोरीवर जळणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला बघून घ्या. लपवायचं कशाला? माझ्या पोटात दुखत होतं, माझ्याच लेकीमुळे दुखत होतं, आणि कुठल्याही गोळीने थांबेल असलं ते दुखणं नव्हतं.

आमचा धंदा लोकांना फिरवायचा. 'एका दिवसात शहर आणि परिसर' असं गाडीच्या दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. सकाळी स्टेशनसमोरून निघायचं. घंटाघर, जुना बाजार, नदीवरचा लोखंडी पूल, सरकारी बागेतलं काचघर. जेवणं झाली की शहराबाहेर पडायचं. धरण, धरणापलीकडचा पहाऱ्याचा बुरूज आणि मग घाटरस्त्याने दिवे लागेपर्यंत परत. गाडीत बाहेरगावचे कमी आणि इथलेच जास्त असतात. जन्म ह्या शहरात गेला, पण घंटाघराच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही, अशी माणसं सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतात. गाडी हे चालवतात आणि बोलते मी. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत हा क्रम सुरू झाला. लोक विचारतात, नवरा-बायको दिवसभर एकत्र, भांडणं नाही होत? कशी होणार? माईक माझ्या हातात असतो.

माझी जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारची घडीची सीट. ती उलटी असते. तोंड प्रवाशांकडे, पाठ रस्त्याकडे. मी बसले काय, उभी राहिले काय, हे माझ्या पाठीमागेच. हातभर अंतरावर संसार काढला, पण कामावर असताना मला ह्यांचं तोंड कधी दिसलं नाही. गरजही वाटली नाही. मला ह्यांचं सगळं गाडीवरून कळायचं. ब्रेक कसा लागला त्यावरून सकाळचा चहा बरा झाला होता की नाही, तेसुद्धा मी सांगितलं असतं.

आणि ते घाटातलं वळण. बुरूज मागे टाकून गाडी चढायला लागली की एका ठिकाणी झाडं एकदम संपतात आणि खाली अख्खं शहर पसरलेलं दिसतं. तिथे माझं ठरलेलं वाक्य असतं. "मंडळी, हे तुमचं शहर. सकाळी निघताना ज्यांनी गॅस बंद केला नसेल, त्यांनी इथून एकदा आपापल्या घराकडे बघून खात्री करून घ्यावी." गाडी हसते. दर वेळी हसते. ते हसू पुरतं उतरेपर्यंत वळण संपू नये म्हणून हे तिथे गाडी हळू करायचे. मी कधी सांगितलं नाही, ह्यांनी कधी विचारलं नाही. ह्या माणसाने मला आयुष्यात एक फूल दिलेलं नाही. माझा वाढदिवस मीच आठवण करून द्यायची. पण त्या वळणावर गाडी हळू झाली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मैत्रिणी नवऱ्यांनी काय काय आणलं ते सांगायला लागल्या, की मी मनात म्हणायचे, मिरवा गं मिरवा, माझा नवरा माझ्यासाठी घाटात गाडी हळू करतो.

तर एक दिवस काचघरात, मोठ्या पानांच्या झाडाची गोष्ट अर्ध्यावर असताना, माझा आवाज गेला. तोंड हलतंय आणि बाहेर काही येत नाही. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. दीड-दोन महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज तर त्याहून वाईट. पुढे आवाज येईल, पण बेताचा येईल, घरात बोलण्यापुरता. इंजिनाच्या वर ओरडत दिवसभर बोलायचं असेल तर तो थोड्या दिवसांत कायमचा जाईल, आणि मग माझ्याकडे येऊ नका. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू तेव्हाचं तेव्हा. ह्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे काही उमटलं, ते दुःखच होतं असं हे अजून शपथेवर सांगतात.

आमची लेक तेव्हा घरीच होती. हॉटेलच्या स्वागतकक्षातली नोकरी सोडून दुसरी शोधत होती. लहानपणापासून सुट्ट्या तिने आमच्या गाडीतच काढलेल्या, माझं सगळं बोलणं तिला झोपेतही पाठ. सहल कंपनीच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तात्पुरतं मुलीला उभं करू. तात्पुरतं हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

झालं. सकाळी बापलेक डबे घेऊन निघायचे आणि मी दारात पाटी-पेन्सिल घेऊन उभी. बोलता येत नाही म्हणून ह्यांनी मला शाळेतल्या पोरांसारखी पाटी आणून दिली होती. संध्याकाळी दोघं हसत हसतच घरात शिरायचे.

"आई, आज एका आजोबांनी बुरुजावर फोटो काढताना आजींना इतकं मागे सरकायला सांगितलं, की आजी म्हणाल्या, सरळ सांगा ना, ढकलायचंय!"

"आणि मग आजींनी काय केलं, ते सांग," हे म्हणायचे. हे! सबंध दिवसात चार वाक्यं खर्च करणारा माणूस. ताटावर बसून पोरीला 'ते सांग, ते सांग' करतोय. मी पाटीवर लिहायला घ्यायचे, की असल्या आजी मी ढिगाने पाहिल्यात, त्यात एवढं काय. लिहून पाटी वर करेपर्यंत ते दोघे बुरुजावरून खाली उतरून पुलावर पोचलेले असायचे. माझं उत्तर हातात तसंच. पुसायचं आणि गिळायचं.

एकदा मात्र मी लवकर लिहिलं. विचारलं, वळणावर तू काय सांगतेस? गॅसचं सांगतेस ना?

"छे गं. तिथे मी काहीच नाही बोलत. म्हणते, आता मी गप्प बसते, तुम्ही बघा. अगं, कसले गप्प होतात सगळे! आणि बाबा गाडी इतकी छान हळू करतात ना तिथे."

माझ्या हातातली पेन्सिल मोडली. मोडली म्हणजे मी मोडली. म्हणजे तिच्यासाठीही हळू करतात! माझ्या विनोदासाठी राखलेली जागा, आणि तिथे ही बया नुसती गप्प बसते, आणि तेसुद्धा लोकांना आवडतं! माझं तोंड डॉक्टरांनी बंद केलं तर ती शिक्षा, आणि हिने बंद केलं तर ती कला. मी ताट उचललं आणि मोरीत असं आदळलं की शेजारीण खिडकीत आली.

त्यातच बाईंचा फोन आला. फोन लेकीने माझ्या कानाला लावून दिला, कारण मी नुसती ऐकणार. बाई गोड बोलल्या. नवा हंगाम सुरू होतोय, लोक मुलीची चौकशी करतात, तिलाच कायम करावं असं आमच्या मनात आहे. पण मान तुमचा पहिला. तुम्हाला परत यायचं असेल तर सीट तुमचीच. घरातच ठरवा आणि सोमवारी कळवा. फोन ठेवल्यावर लेक माझ्याकडे बघत राहिली. तिला ती सीट हवी होती. नोकरी म्हणून नाही, मनापासून हवी होती. आई आहे मी, मला दिसत होतं. मी पाटीवर लिहिलं, रविवारी मी गाडीतून येणार.

"ये की," हे म्हणाले.

रविवारी गाडी खचाखच. मी शेवटच्या लांब बाकावर, पाण्याच्या खोक्यांशेजारी. निघताना लेकीने मोजणी केली. प्रत्येक थांब्यावर ती करावीच लागते, आणि गाईडने "पूर्ण" म्हटलं की ड्रायव्हर गाडी काढतो. तो स्वतः मागे वळून बघत नाही, ते त्याचं काम नाही. लेक बोट दाखवत दाखवत माझ्यापर्यंत आली आणि मला वगळून परत फिरली.

"तू मोजणीत नाहीस हं, आई," ती हसून म्हणाली.

नियम माझाच होता. पूर्वी एकदा गाडीतून आमचा फिटर येत होता, तो मोजणीत धरला गेला, आकडा बरोबर आला आणि एक प्रवासी काचघरातच राहिला. तेव्हापासून मीच ठरवलं होतं की तिकिटाचं माणूस मोजायचं, घरचं माणूस मोजायचं नाही. लेकीला ते मीच घोटून घोटून शिकवलं होतं.

आणि मग सुरू झालं तिचं बोलणं. बोलणं कसलं? नुसते प्रश्न! "ह्या बाजारात लहानपणी कोण हरवलं होतं?" चार हात वर. मग एक गृहस्थ आपण कसे हरवलो ते सांगत बसले, आणि बाजाराची माहिती राहिली बाजूला. पुलावर म्हणते, "ह्या पुलाचं वय काय असेल?" अगं बाई, तुला माहीत आहे ना? मग सांग की! पैसे कशाचे घेतो आपण? मला शेवटच्या बाकावर बसवत नव्हतं. चुकलं की दुरुस्त करावं म्हणून पाटी आणली होती, पण वर करून दाखवणार कुणाला? शेजारच्या बाईंनी वाचलं आणि मला विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही का हो?"

पण खरी आग लागली ती पुढच्या आरशामुळे. ड्रायव्हरच्या डोक्यावर तो मोठा आरसा असतो ना, त्यात मागून ह्यांचं तोंड दिसत होतं. अख्खं. आणि हे हसत होते. लेक काही म्हणाली की आधी ह्यांच्या डोळ्यांशी सुरकुत्या पडायच्या, मग मिशी हलायची, मग खांदे. घरात मी कधी पाहिलं नव्हतं असं हसू. माझ्या पाठीमागे ह्या माणसाचं काय चाललेलं असायचं, हे मला कधी कळलंच नव्हतं. माझ्या विनोदांना असे हसायचे का? की तोंड कडू करून बसायचे, आज पुन्हा तोच गॅस म्हणून? मला विचारायचं होतं आणि माझ्या घशाला टाळं होतं. जळफळाट म्हणजे काय, ते मी त्या दिवशी अंगावर घेतलं.

धरणावर गाडी अर्धा-पाऊण तास थांबते. लोक बागेत पांगले. हे उतरले, सीटखालून थर्मास काढला आणि गरम पाणी ओतून कप लेकीच्या हातात दिला.

आता त्या थर्मासचं सांगते. तो ह्यांनी माझ्या घशासाठी घेतलेला. धरण आलं की मला गरम पाणी द्यायचं, ही इतक्या वर्षांची पद्धत. मी दोन पावलांवर उभी. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलून बोलून घसा सुकलाय पोरीचा."

बरोबर आहे. माझा कुठे सुकलाय? मी तर बोलतच नाही!

मी तरातरा निघाले. कारंजाच्या मागे, झुडपांच्या आड एक बाक आहे, तिथे जाऊन बसले. म्हटलं, शोधत येऊ देत. येतील, विचारतील काय झालं, मी पाटीवर लिहीन 'काही नाही', मग पुन्हा विचारतील. मनात सगळं ठरवलं होतं. पाटी मांडीवर घेऊन मी वाट बघत बसले.

लेकीचा आवाज ऐकू आला. "पूर्ण!"

मग इंजिन. मला वाटलं, हे गाडी सावलीत घेतायत. झुडपातून बाहेर आले तो गाडी फाटकातून बाहेर पडत होती. मी हात केले, टाळ्या वाजवल्या, पाटी उंच धरून हलवली. ओरडायला तोंड उघडलं आणि डॉक्टर आठवले. गाडी वळली. शेवटच्या काचेतून शेजारच्या बाईंचं डोकं तेवढं दिसलं. मोबाईल माझ्या पिशवीत, आणि पिशवी गाडीतल्या बाकावर.

आयुष्यभर दुसऱ्यांना मोजलं, आणि माझ्या नवऱ्याने आणि माझ्या पोरीने मला धरणावर टाकलं. आणि चूक कुणाची काढणार? हिशेबाने सगळं बरोबरच होतं. तिकिटाची माणसं पूर्ण होती.

आता मला रस्ता माहीत आहे. गाडी धरणाला वळसा घालून बुरुजावर जाते, तिथे बराच वेळ मोडतो आणि मग ती घाट चढते. पण धरण बांधणाऱ्या मजुरांसाठी पूर्वी केलेल्या दगडी पायऱ्या बागेमागून थेट त्या वळणावर निघतात. हल्ली त्यांच्यावरून कुणी जात नाही. मी निघाले. गुडघे बोंबलत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी मनातल्या मनात दोघांना असं झोडत होते की विचारू नका. बुरुजावर पुन्हा मोजणी झाली असेल. तिथेही पूर्ण! एकदा विसरले ते सोडा, दोनदा विसरले! आणि बघाच आता, सोमवारी मी बाईंपुढे उभी राहून सांगते की नाही. माणूस मागे ठेवणारा गाईड आमच्या धंद्यात चालत नाही. एका वाक्यात सीट परत माझी.

वळणावर पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. कठड्याला टेकून उभी राहिले. खाली शहर होतं. आजवर माझी पाठच असायची त्याच्याकडे, पण तेव्हाही ते बघायचं मला भान नव्हतं. मी रस्त्याकडे डोळे लावून होते.

आधी एक मोटार आली. वळणाशी आल्यावर हळू झाली, गिअर कुरकुरला, आणि गेली. मग दुधाचा टँकर आला. तोही तिथेच, अगदी त्याच जागी हळू झाला. मला काहीतरी बोचलं. मग सिमेंटचा ट्रक, दाढीवाला ड्रायव्हर, कानाला फोन. तोही हळू झाला. मग दुसऱ्या कंपनीची सहलीची गाडी आली, तिच्यात गाईडच नव्हता. टेपवर कुणीतरी बाई बोलत होती. तीही हळू झाली आणि गेली.

मी मटकन कठड्यावर बसले. वळण चढाचं होतं. तिथे सगळेच हळू करतात. हळू नाही केलं तर गाडी दरीत जाईल. सिमेंटचा ट्रक काय माझ्या विनोदासाठी थांबत होता? इतकी वर्षं मी मैत्रिणींपुढे मनात मिरवलं ते काय मिरवलं? दुसरा गिअर! आणि त्याच्यावरून पोटच्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं मला. मला रडू आलं, आणि आवाज न करता रडणं किती अवघड असतं ते डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं.

मग आमची गाडी आली. समोरून मी ती अशी कधी पाहिलीच नव्हती. काचेत लेकीची पाठ, हात वर केलेला, गाडी चिडीचूप, सगळ्यांची तोंडं दरीकडे. आणि स्टिअरिंगवर हे. ह्यांचे डोळे रस्त्यावर होते, तिथून माझ्यावर आले. आधी नुसतं बघितलं, रस्त्यावरच्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं. मग तोंड उघडं पडलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. ह्यांनी हँडब्रेक खेचला आणि चाकाला दगडसुद्धा न लावता धावत खाली आले.

"तू... तू गाडीत नव्हतीस?"

एवढंच वाक्य. पायऱ्यांवर मी दहा शिव्या तयार केल्या होत्या, त्या सगळ्या ह्यांच्या ह्या एका वाक्यापुढे फिक्या पडल्या.

लेक मागोमाग उतरली. तिचा चेहरा पांढराफटक. "आई! अगं पूर्ण होते गं सगळे! तुझी पिशवी दिसली बाकावर, वाटलं तू आडवी झालीस. आई, मी... मी माणूस मागे ठेवला?"

गाडीतून टाळ्या वाजल्या. प्रवाशांना वाटलं, हाही सहलीतला कार्यक्रमच आहे. एक गृहस्थ तर खिडकीतून फोटो काढायला लागले.

आणि मी बोलले. डॉक्टर गेले खड्ड्यात. आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचा, पण निघाला. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य काय निघावं?

"अहो, तुम्ही इथे गाडी हळू का करता?"

हे बावचळले. "म्हणजे? दुसऱ्या गिअरचं वळण आहे. करायला नको?"

"माझ्यासाठी नाही करत?"

"तुझ्यासाठी?" ह्यांना खरंच कळेना. "अगं, चढ आहे तिथे."

"मग मी कुठे होते ह्या सगळ्यात? दोन वेळा मोजणी झाली. बायको गाडीत आहे की नाही, एकदा मागे वळून बघता आलं नाही?"

ह्यांनी टोपी काढली, परत घातली.

"मी कधी वळून बघितलंय?" शेवटी म्हणाले. "तुझा आवाज येतो ना कानावर. तो येतोय म्हणजे तू आहेस, एवढंच मला ठाऊक. आता तू गप्प झाल्यापासून मला कळतच नाही तू आहेस की नाहीस. घरातसुद्धा दोन-दोनदा आत डोकावून बघावं लागतं. पोरगी बोलते म्हणून दिवस जातो. एवढी शांतता मला नाही झेपत."

राग होता तो होताच, जागचा हलला नव्हता. पण बाईमाणसाला नवऱ्याने कधी असं काही सांगितलं, की ती नंतर रागावली तरी चालतं.

"चला," मी म्हणाले. "लोक खोळंबलेत."

लेकीने घडीची सीट उघडून धरली. "आई, तू बस इथे." मी बसले नाही. ह्यांच्या थेट मागची सीट मी एका काकांकडून मागून घेतली, पुढे वाकले आणि घाट उतरेपर्यंत ह्यांच्या कानात जे काही सोडलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. आरशात बघितलं तर हे हसत होते. मिशी, खांदे, सगळं.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, सोमवारी मीच बाईंना सांगते. माणूस मागे ठेवणारी गाईड नको त्यांना. सीट तुझी." डोळे सुजलेले, पण मान ताठ. तिने नाकबूल केलं असतं, रडून मिठी मारली असती, तर मला सोपं गेलं असतं. माझ्या मनात आलं, घे, मिळाली सीट, न मागता मिळाली. काही वेळ मला ते गोडही लागलं.

सोमवारी ऑफिसात आम्ही तिघंही गेलो. लेक तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिला चिमटा काढला आणि बाईंना माझ्या त्या गंजलेल्या आवाजात सांगितलं, "हिलाच ठेवा. चांगलं काम करते. प्रश्न जरा कमी विचारायला सांगा."

"आणि तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तुमचा आवाज तर परत आलाय."

"आलाय, पण थोडाच आलाय," मी म्हणाले. "तो आता मी लोकांना वाटणार नाही. घरी लागतो."

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. लेकीने माझा हात असा दाबला की बोटं दुखली.

जळणं थांबलं म्हणाल, तर नाही. सकाळी डबे घेऊन दोघं निघाले की आजही माझा जीव खालीवर होतो, आणि तो थर्मास गाडीत जातो तेव्हा तर बघवत नाही. म्हणून घरात नियम केलाय. संध्याकाळी बापलेक दारात आले की पहिल्यांदा मी बोलणार. लेकीला बुरुजावरचं काही सांगायचं असेल, कुणी कड्यावरून पडलं असेल तरी थांबायचं. मी दिवसभरात काय झालं ते सांगते. भाजीवाल्याशी झालेलं भांडण, शेजारणीचं कौतुक, काहीही. आवाज दमेपर्यंत सांगते. हे चपला हातात घेऊन दारातच उभे राहतात आणि ऐकतात. लेक म्हणते, आई, आत तरी येऊ दे. मी म्हणते, तू थांब, तुझा दिवस झाला.